पद्मिनी सगळी खोलायला देऊ नका

प्रश्न : बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी कासारवडवलीला आमच्या सोसायटीत करोनाच्या आधीपासून उभी आहे. बाबा आता नाहीत, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, सगळी खोलून सांगाड्यापासून नवी करू, त्यात एस्टीमचं इंजिन, एसी, पॉवर स्टिअरिंग, अलॉय व्हील टाकू. हे करावं का? सुरुवात कुठून करावी? पुढे जुनी ओम्नी किंवा मॅटाडोर घेऊन मुक्कामी फिरण्याजोगी व्हॅन करायची हौस आहे, त्याबद्दलही सांगा.

उत्तर : गाडी जरूर उभी करा, पण सगळी एकदम खोलायला देऊ नका. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, कळवा इथल्या गाळ्यांच्या मागे ताडपत्रीखाली पडलेल्या अर्धवट फियाट आणि अँबेसिडर मी वर्षानुवर्षं पाहतोय. गंजामुळे किंवा इंजिनामुळे कायमची अडलेली त्यांत क्वचितच एखादी असते. बाकीच्या अडल्यात त्या खोलून ठेवल्यामुळे. खोलायचं काम आठवड्याभरात होतं. मग डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, दुसऱ्या कामाला लागतो, मालकाचे पैसे मध्येच संपतात, गाळा बदलताना दाराचं बीडिंग आणि काचेच्या क्लिपा भंगारात जातात, आणि कुठला बोल्ट कुठे होता हे सांगणारा माणूस गॅरेज सोडून गेलेला असतो. उलट जी गाडी दर महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन परत येते, तिचं काम हळू का होईना, पण पूर्ण होतं. घरचे लोक तिच्यात बसतात, पुढचा खर्च त्यांनाही पटतो. म्हणून गाडी चालती ठेवायची आणि एकेक भाग हातात घ्यायचा. अपवाद फक्त पत्र्याचा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

आधी कागद. पाना हातात घेण्यापूर्वी आरसी, जुन्या विम्याची प्रत आणि टॅक्सची पावती शोधून काढा. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. म्हणजे तुमच्या गाडीचं पहिलं नूतनीकरण २००१मध्ये व्हायला हवं होतं, मग २००६, २०११, अशी साखळी. ती कुठे तुटली ते पाहा, कारण दंडाचा हिशेब तिथून लागतो. २० वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५मध्ये वाढवून १०,००० रुपये झालं. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट.

तुमच्या गाडीचा नंबर एमएच येण्याआधीच्या तीन अक्षरी पद्धतीचा असणार. अशा गाड्यांची नोंद पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते. ती ‘वाहन’ प्रणालीवर आहे का, हे आधी तपासा. नसेल तर आरटीओकडून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, आणि मूळ आरसी हातात नसेल तर हे प्रकरण लांबतं. कागद पूर्ण होण्याची लक्षणं दिसत नसतील तर गाडीवर मोठा खर्च सुरू करू नका, इतकं मी स्पष्ट सांगेन.

तपासणीला चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. नंबर कोरलेल्या जागेवर कागद धरून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. डेंटरकडे गाडी देण्याआधी तो प्रिंट स्वतः काढून ठेवा, फोटो घ्या आणि त्या जागेवर टेप लावा. त्या चार इंचांवर ग्राइंडर फिरला किंवा लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, थर बसला, तर सगळं रिस्टोरेशन झाल्यावर गाडी पासिंगला अडते.

आता एस्टीमचं इंजिन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल करायचा नाही. इंजिन बदलायलाही आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढणार.

कायदा बाजूला ठेवला तरी हे काम मला पटत नाही. एस्टीमचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीचं उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. म्हणजे फक्त इंजिन आणून भागत नाही. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, नवे माउंटिंग, कापलेला प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा), गिअरचा नवा दांडा, रेडिएटर, सगळंच आलं. आणि एवढं करून पद्मिनीच्या १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या ड्रम ब्रेकवर जवळपास दुप्पट ताकद येते. मूळ इंजिन साधं आहे. ते उघडून रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्हचं काम नीट केलं, कार्बोरेटर आणि डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जागेवर आणला, तर घोडबंदर रोडच्या वाहतुकीत आणि रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्यापर्यंत जायला ते पुरून उरतं.

शिवाय २०२१पासून देशात व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात फेरफार न केलेली गाडी त्यात बसते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुमची गाडी २०३६ला त्या वयात येईल. आज इंजिन बदललंत तर ते दार तुम्ही स्वतः बंद केलंत.

मग बदल काहीच करायचे नाहीत का? करायचे, पण जे उलटवता येतात आणि जीव वाचवतात ते. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. तिथे रिले आणि फ्यूज बसवा, दिवेही उजळतात आणि डॅशबोर्डमागे जळायची भीतीही जाते. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. सीट बेल्ट नसतील तर बसवा, पण पिलरच्या नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून नाही, आतून जाड प्लेट वेल्ड करून. डायनॅमो असेल तर त्याजागी अल्टरनेटर. रेडिएटरला एक जादा इलेक्ट्रिक पंखा, कारण माजिवड्याच्या पुलाखाली मे महिन्यात अर्धा तास अडकण्यासाठी ही गाडी बनलेली नव्हती. आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आधी रेडिएटरची जाळी साफ करून घ्या. मूळ डायनॅमो, चाकं, जे जे काढाल ते तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा.

उभी गाडी उठवताना घाईने सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी चौथा गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवा. इंजिन मोकळं फिरतंय असं कळलं की मगच सेल्फ. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. वर्षानुवर्षं राहिलेल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येतो आणि ते कार्बोरेटरची जेट बंद करतं. पहिल्यांदा चालू करताना वेगळ्या बाटलीतून ताजं पेट्रोल द्या. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचं किट इथेनॉलला चालणाऱ्या रबराचं घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत आपल्याकडच्या दमट हवेचं पाणी धरतं, इथेनॉल ते ओढून घेतं आणि तळाला गंज बसतो.

ब्रेकमध्ये दुरुस्ती हा शब्दच वापरू नका, सगळं नवं. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज, लायनर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि उभ्या गाडीत सिलिंडरच्या आत खड्डे पडतात. नुसतं रबर किट टाकलं तर त्या खड्ड्यांवर घासून ते काही महिन्यांत पुन्हा गळतं. मास्टर सिलिंडरला एकच सर्किट आहे का तेही पाहा. असेल तर एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, त्यामुळे हँडब्रेकही तेवढ्याच काळजीने करून घ्या. पहिली फेरी सोसायटीच्या आवारातच मारा.

आता पत्रा. तुमचे पैसे खरे जाणार आहेत ते इथे. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त खर्च पत्रा आणि रंगावर होतो, आणि गाडी वाचते की जाते हेही इथेच ठरतं. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला वसईची, वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस. उघड्यावर उभ्या गाडीला यापेक्षा कठीण जागा नाही. त्यात पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडीच तिचा सांगाडा आहे. दाराखालची सिल सडली तर गाडी फक्त कुरूप होत नाही, कमरेत वाकते.

स्वतः पाहायचं असेल तर एक लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळा आणि मडगार्डच्या कडा, दारांचे तळ, डिकीचा काठ यांवरून फिरवा. जिथे चुंबक सुटतो तिथे रंगाखाली लांबी आहे. मग गाडीखाली जा आणि जाड स्क्रू ड्रायव्हरने सिलच्या तळाला, जॅक लावायच्या जागेला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ, बॅटरीच्या ट्रेखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात टोचून बघा. चांगला पत्रा खणकन वाजतो. सडलेला बद्द आवाज करतो आणि टोक आत जातं. पुढचं मॅट उचला. विंडस्क्रीनच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथेच साठतं, आणि वरून चांगली दिसणारी फ्लोअर खालून चाळणीसारखी झालेली असते.

मागे एका फियाटची सिल कापताना आत काय निघालं ते सांगतो, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. बाहेर काळं डांबरी अंडरकोटिंग. त्याखाली बोटभर लांबी. त्याखाली फायबरचं कापड. त्याखाली आधीच्या कुणीतरी गॅस वेल्डिंगने चिकटवलेली पट्टी, आणि तिच्यामागे मूळ सिलचा लाल भुसा, मुठीत धरला तर चुरा होणारा. पाणी निघून जायची भोकं प्रत्येक थराने बुजत गेलेली. म्हणजे वरचा प्रत्येक इलाज आतल्या गंजाला पाणी धरून देत होता. गंजलेल्या पत्र्यावर अंडरकोटिंग फवारून देणारा डेंटर तुमचं नुकसानच करतो.

योग्य पद्धत अशी. एका वेळी एकच बाजू. कापण्याआधी दारं काढा, पण त्याआधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप तात्पुरते वेल्ड करा, म्हणजे सिल कापल्यावर बॉडी खाली बसणार नाही. गाडी सपाट जमिनीवर, आधार चाकांखाली किंवा अॅक्सलखाली. मध्येच जॅकवर टांगलेली नको. सडकं सगळं कापून चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. नवा भाग १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर पत्र्यातून वाकवून घ्या. वेल्डिंग सीओटूने, म्हणजे मिग मशीनने. गॅसने पत्रा फार तापतो आणि पापडासारखा फुगतो. सलग रेघ मारायची नाही. इंचभर टाका, दुसऱ्या टोकाला जा, पुन्हा इंचभर, मधल्या वेळात पत्रा हात लावण्याइतका थंड होऊ द्या. बंद होणाऱ्या आतल्या बाजूंना आधी जस्ताचा वेल्डिंग प्रायमर. शेवटी पाण्याची भोकं मूळ जागी परत पाडायची आणि त्यांतून आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारायचं. दार लावून फटी पुन्हा मोजा. आकडे जुळले तरच दुसरी बाजू.

हे काम सुरू असताना गाडी रस्त्यावर येणार नाही, पण एका बाजूचं काम पूर्ण झालं की ती पुन्हा चाकांवर उभी राहते. म्हणूनच गॅरेजवाल्याला ‘सगळी बॉडी’ असं ठोक काम देऊ नका. बाजूप्रमाणे ठरवा, कापल्यावर तुम्ही बघायला येणार आणि प्रायमर तुमच्यासमोर लागणार, असं आधीच बोलून घ्या. हे ऐकून ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्याकडे गाडी नेऊ नका.

हंगाम पाळा. पत्रा नोव्हेंबरात सुरू करा, रंग फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटपा. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला की दमट हवेने त्यावर पांढरट झाक येते. त्याहून वाईट म्हणजे लांबी आणि साधा सरफेसर (रंगाच्या आधी मारायचा थर) दोन्ही पाणी पितात. नुसत्या सरफेसरमध्ये गाडी जून ते सप्टेंबर उभी राहिली तर खाली गंज सुरू होतो आणि वर्षभरात नवा रंग फोडाफोडाने उठतो. पाऊस आधी आला तर इपॉक्सी प्रायमर मारून गाडी बंद करा, रंग पुढच्या हंगामात. रंग मूळचाच ठेवलात तर आरसीत बदल नाही. वेगळा हवा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि टू-के पीयू रंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये कधीही मारू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दम्याचा त्रास जडतो, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. ते काम बाहेरची हवा देणारा मास्क असलेल्या बूथमध्येच.

सुट्या भागांबद्दल एक गोष्ट आजच सुरू करा. पद्मिनी २०००च्या सुमारास बंद झाली, तरी तिचे पार्ट इतकी वर्षं मिळत राहिले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि दुकानदाराला माल ठेवायचं कारण संपलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांत अजून शोधलं तर मिळतं, पण शेल्फ रिकामे होताहेत. काय आधी घ्यायचं, याचा माझा नियम सोपा आहे : जे लेथवर बनत नाही ते आधी. बुश, पिन, शाफ्ट, व्हॉल्व्ह गाइड, पिस्टनसुद्धा आज ना उद्या कुणीतरी बनवून देईल. पण पुढची काच, तिचं रबर, टेललाइटच्या लाल काचा, क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, दाराची हँडल, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याचे भाग, हे गाळ्यात बनत नाही. बाबांच्या गाडीवरचं मूळ ग्रिल वाकडं असलं तरी जपा, आणि टॅक्सी करणाऱ्या पिढीतला मिस्त्री भेटला तर त्याच्या शेजारी उभं राहून काम बघा. कार्बोरेटरचं मिक्श्चर कानाने लावणारी ती माणसं आता साठीच्या पुढे गेली आहेत आणि त्यांच्याकडे शिकायला कुणी येत नाही. त्यांचा मान राखा, मजुरीत घासाघीस करू नका.

आता व्हॅन. मॅटाडोरची ओढ मला समजते. बजाज टेम्पोची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची ही गाडी पुढच्या चाकांवर चालायची, त्यामुळे मागे प्रॉपेलर शाफ्ट नाही आणि फ्लोअर जमिनीलगत. आत राहायला यापेक्षा सोयीची जुनी देशी व्हॅन नाही. पण शिल्लक असलेल्या बहुतेक मॅटाडोर पिवळ्या पाटीच्या, डिझेल आणि कागद संपलेल्या असतात. ट्रान्स्पोर्टची खाजगी करायला आरटीओची परवानगी आणि तपासणी लागते. आरसी जिवंत असलेली आणि खाजगी नोंदणीची सापडली तरच हात घाला, नाहीतर ती फक्त अंगणातली शोभा होईल.

ओम्नी हा शहाणा पर्याय आहे. १९८४ला मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९पर्यंत बनत होती, ७९६ सीसीचं तिचं इंजिन कुठल्याही गावात दुरुस्त होतं आणि शेवटच्या काळातल्या गाड्यांची नोंदणी अजून पहिल्या १५ वर्षांत आहे. घेताना सरकत्या दाराचा खालचा रूळ आणि चाकांच्या कमानींचा आतला भाग वरच्याच चुंबकाने आणि स्क्रू ड्रायव्हरने तपासा. सीट कायमच्या काढून टाकू नका; आरसीवरची आसनसंख्या आणि गाडीतली जुळली पाहिजे. सीटच्या मूळ बोल्टवर बसणारी, घरी आल्यावर उचलून ठेवता येणारी फळ्यांची चौकट करा, त्यावर गादी, खाली सामान. आरसीवरच कॅरॅव्हॅन हवी असेल तर त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि ती वाट घरगुती कामाची नाही. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणून गॅसची शेगडी आणि सिलिंडर गाडीत लावायचं नाही. स्वयंपाक बाहेर, उघड्यावर. आणि ओम्नीत चालकाचे गुडघे पुढच्या पत्र्याला लागून असतात, हे लक्षात ठेवून नाशिक हायवेला डाव्या बाजूने, साठच्या आत चालवा.

मात्र पद्मिनीचं पासिंग होऊन नवी आरसी हातात येईपर्यंत दुसरी गाडी आणू नका. पत्रा टोचून झाला की सिल आणि पाट्यांच्या हँगरचे फोटो पाठवा. हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हर आत गेला असेल तर कामाचा क्रम बदलावा लागेल, आणि तोवर ती गाडी टोचनावर ओढून नेऊ नका, फ्लॅटबेडवरच न्या.